पाठकोरे

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मुलाच्या दहावीच्या गणिताचा गठ्ठा निघाला. सुतळीनं बांधलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. वर्गसमीकरणं, वर्गसमीकरणं, मध्येच कंटाळून काढलेली मोटारसायकल, पुन्हा वर्गसमीकरणं. रद्दीत टाकण्याआधी सवयीनं एक पान उलटं केलं आणि शिडीच्या वरच्या पायरीवरच बसले. मागच्या बाजूला आमच्या कंपनीचं २००४ सालचं दरपत्रक होतं. कुठल्या गिऱ्हाइकाला किती टक्के सूट, खाली कच्च्या मालाचा भाव, त्याखाली आमचा नफा. पुढचं पान उलटलं, तर त्या वर्षीच्या पगारवाढीची यादी. वरून नववं नाव माझं.

"मुक्कामाला आहेस का वर?" शिडी धरून उभे असलेले आमचे हे विचारत होते.

हे पाठकोरे मीच घरी आणले होते. एका बाजूनं छापलेला कागद टाकून द्यायचा म्हणजे आमच्या पिढीला पानात अन्न टाकल्यासारखं वाटतं. ऑफिसात प्रिंटरशेजारी खोकं असायचं, दर शुक्रवारी मी त्यातला चार बोटं गठ्ठा पिशवीत घालायची. मुलाचं गणित, सासूबाईंचा रामनाम लिहिण्याचा नेम, दूधवाल्याचा हिशेब, सगळं त्यावर चालायचं. शेजारच्या दोन मुलांनाही द्यायची. त्यातल्या एकाचे वडील आमच्याच एमआयडीसीत, आमच्यासारखेच गिअर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत खरेदी विभागात होते. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नव्हती. माळ्यावर आली, वीस वर्षांनी.

गंमत म्हणजे ऑफिसात मी गुपितं राखण्यासाठीच प्रसिद्ध होते. १९८६ साली भोसरीच्या त्या कंपनीत स्टेनो म्हणून लागले, शॉर्टहॅन्डचं शंभरचं सर्टिफिकेट घेऊन, आणि २०२३ साली साहेबांची सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले. सदतीस वर्षांत कुणाचा पगार, कुणाचा मेमो, कुणाची बदली यातलं एक अक्षर तोंडातून गेलं नाही. तोंडातून गेलं नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

पहिला फटका बसला १९९१ला. आमच्याकडे दर तीन वर्षांनी वेतन करार व्हायचा. युनियनचं मागणीपत्र यायचं, मग महिनाभर बैठका, गेटवर घोषणा, चहा, पुन्हा बैठका. त्या वर्षी साहेबांनी बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मला थांबवून एक पानी टिपण डिक्टेट केलं. सुरुवात अडीचशेपासून करायची, ओढाताण झाली तर सव्वातीनशे, आणि अगदीच संपाची वेळ आली तर चारशे पंचवीस, त्यापुढे नाही. मी नव्याकोऱ्या इलेक्ट्रॉनिक टाइपरायटरवर एकच प्रत काढली, पाकिटात घालून साहेबांच्या हातात दिली, शॉर्टहॅन्डचं पान फाडून पर्समध्ये ठेवलं आणि घरी बंबात घातलं. याहून जास्त काय करायचं असतं?

दुसऱ्या दिवशी युनियनचे अध्यक्ष खुर्चीत बसता बसता म्हणाले, "साहेब, चारशे पंचवीसपर्यंत जाणारच आहात, तर अडीचशेपासून कशाला सुरुवात करताय? सगळ्यांचाच वेळ जातो."

करार चारशे पंचवीसला झाला. त्यानंतर अडीच महिने साहेबांनी मला महत्त्वाचं एकही डिक्टेशन दिलं नाही. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर बसायला बायका बिचकायच्या. टिपण साहेबांना माहीत आणि मला माहीत, आता साहेब स्वतःच युनियनला सांगायला जाणार आहेत थोडेच.

उलगडा झाला बारा वर्षांनी, अध्यक्षांच्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी. हार, नारळ, पेढे झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, एक ओझं आहे, ते उतरवून जातो. तुमचा काही दोष नव्हता. तुमच्या मशिनची रिबन कचऱ्यात सापडली होती."

जुन्या टाइपरायटरची शाईची कापडी रिबन पुन्हा पुन्हा फिरायची, तिच्यावर अक्षरावर अक्षर चढून सगळा काला व्हायचा. नव्या मशिनची रिबन प्लॅस्टिकच्या फिल्मची होती, एकदाच वापरायची. अक्षर आपटलं की तेवढ्या आकाराचा काळा थर निघून कागदावर जायचा आणि फिल्मवर त्याच अक्षराची स्वच्छ पारदर्शक खिडकी उरायची. म्हणजे टाइप केलेलं सगळं पत्र एका लांबच लांब पट्टीवर ओळीनं लिहिलेलं. त्या संध्याकाळी रिबन संपली, मी कार्ट्रिज बदललं आणि जुनं टोपलीत टाकलं. टूलरूममधल्या कुणाला तरी ते सापडलं. टूलरूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर असतो, गिअरच्या दात्याची सावली मोठी करून पडद्यावर तपासायला. त्या पठ्ठ्यांनी रात्रपाळीत रिबन त्यावर लावली आणि माझं टिपण पडद्यावर वाचलं. शेवटून सुरुवातीकडे, म्हणून आधी त्यांना चारशे पंचवीसच दिसले.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. कार्बन पेपर जाळायचा हे आम्हाला इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं होतं. रिबनचं कुणी सांगितलं नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांनी तशी रिबन पाहिलीच नव्हती. यंत्र बदललं, की गुपित बाहेर पडायची वाटही बदलते. कुठे बदलली ते आधी रात्रपाळीला कळतं, ऑफिसला मागाहून.

पुढे कॉम्प्युटर आले, ईमेल आली. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. शनिवार आणि सोमवार अशा दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले, त्यातले बरेचसे परदेशातल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढलेले. आमच्या निम्म्या स्टाफची खाती तिथे. आठवडाभर डब्यावर दुसरा विषय नव्हता. साहेबांनी लगेच महागडी फायरवॉल घेतली, सगळ्यांना दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावले. लोकांनी ते मॉनिटरच्या खाली चिकटवले. सुरक्षितता म्हणजे कॉम्प्युटरवाल्या मुलाचं काम, असं एकदा ठरून गेलं, आणि आम्ही बाकीचे सुटलो.

मग आला सप्टेंबर २०१९.

जर्मनीत हॅनोव्हरला मशिन टूल्सचं मोठं प्रदर्शन असतं. साहेब सोमवारी सोळा तारखेला तिथे पोचले. त्याच दिवशी आमच्या मार्केटिंगच्या हौशी मुलानं लिंक्डइनवर फोटो टाकला, साहेब एका युरोपियन मशिन कंपनीच्या स्टॉलवर, हात मिळवताना, खाली "लवकरच नवीन पाहुणा आमच्या शॉपफ्लोअरवर". त्याच दुपारी मला फोन आला. मुलगा अतिशय नम्र, मराठी छान. म्हणाला, ट्रॅव्हल एजंटकडून बोलतोय मॅडम, साहेबांच्या परतीच्या विमानाची वेळ थोडी बदलतेय, त्यांचा फोन लागत नाहीये. मी म्हटलं, तिकडे ते दिवसभर हॉलमध्ये असतात, फोन उचलत नाहीत, रविवारी सकाळी मुंबईत उतरतायत, तोवर काही असेल तर मला सांगा. तो म्हणाला, थँक्यू मॅडम, तुमच्यासारखी माणसं असली की काम सोपं होतं. मला बरं वाटलं. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात, पण तेव्हा खरंच बरं वाटलं.

मंगळवारी अकाउंट्समधल्या ताईंना साहेबांची ईमेल आली. त्या मशिन कंपनीच्या सुट्या भागांचं बिल थकलंय, त्यांच्या माणसासमोर उभा आहे, लाज जाते, आजच्या आज ४,८५० युरो पाठवा, मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. सोबत बिल, त्यावर नवा बँक खाते क्रमांक. ताईंनी पाठवले. आपल्या पैशांत तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास.

गुरुवारी दुसरी ईमेल. सौदा पक्का झाला, नव्या मशिनचा दहा टक्के ॲडव्हान्स ३१,००० युरो, त्याच खात्यावर.

ताई ते कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? पितृपंधरवडा चालू आहे. आपले साहेब पक्षात मशिनचा ॲडव्हान्स देतील?"

आमचे साहेब पितृपंधरवड्यात साधा स्क्रूड्रायव्हर विकत घेत नाहीत. मशिनची प्रत्येक ऑर्डर त्यांनी आजवर दसऱ्याला सोडलेली, पाकिटाला हळदकुंकू लावून. मी ईमेलवरचा पत्ता नीट पाहिला. आमच्या कंपनीच्या इंग्रजी नावात एक एम आहे. ईमेलमधल्या पत्त्यात त्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते. चष्मा लावूनही पटकन कळत नाही, हवं तर लिहून बघा. साहेबांना व्हॉट्सॲपवर कॉल लावला, ते हॉलमध्ये सॉसेज खात होते. कसलं बिल, म्हणाले.

दुसरा हप्ता वाचला. पहिला गेला तो गेलाच. बँकेनं परतीचा निरोप धाडला, सायबर सेलला तक्रार दिली, पण तिकडून पैसे तासाभरात पुढे सरकलेले होते.

त्यानंतर आठवडाभर आमच्या कॉम्प्युटरवाल्या मुलानं सगळं खणून काढलं. कुणाचा पासवर्ड फुटला नव्हता. फायरवॉल शाबूत होती. मग मी आणि तो एक कागद घेऊन बसलो (पाठकोरा, अर्थात) आणि चोरांना काय काय माहीत असायला हवं होतं ते लिहून काढलं. साहेब परदेशी: लिंक्डइन. कोणत्या कंपनीशी बोलणी: फोटोतला स्टॉल. तीच कंपनी आमच्याकडे आधीपासून मशिनं देते: आमच्या वेबसाइटवरचा शॉपफ्लोअरचा व्हिडिओ. पैसे कोण पाठवतं: रिसेप्शनवरच्या मुलीला आठवलं, आदल्या आठवड्यात कुरिअरवाल्यानं पाकिटावर घालायला अकाउंट्सच्या मॅडमचं नाव आणि ईमेल विचारली होती. रविवारपर्यंत साहेबांना कुणी विचारणार नाही: मी. यातली एकही गोष्ट गुपित नव्हती. यादीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून मी साहेबांना विचारलं असतं, हे बाहेर सांगू का, तर ते म्हणाले असते, त्यात काय एवढं.

पितृपक्ष तेवढा त्या यादीत नव्हता. तो कुणी लिंक्डइनवर टाकला नव्हता.

मधल्या काळात अकाउंट्सच्या ताईंवर काय गुदरलं, ते मी ओळखून होते. मी स्वतः १९९१ साली तिथेच बसले होते. संशय नेहमी उतारावरून वाहतो. साहेबांच्या फोटोवर बोट कुणी ठेवलं नाही, मार्केटिंगच्या मुलाला कुणी काही बोललं नाही, ताईंच्या सह्यांचे अधिकार मात्र दुसऱ्या दिवशी काढले. ज्या बाईनं चोवीस लाख वाचवले, तिचे. मी साहेबांपुढे जाऊन फोनचं माझं सांगितलं, पूर्ण, बरं वाटलं होतं ते सोडून. चार दिवसांनी ताईंचे अधिकार परत आले. पेढे मी आणले.

कोविडनंतर आमच्या जर्मन गिऱ्हाइकांनी टिसॅक्सचा आग्रह धरला. मोटार उद्योगातल्या पुरवठादारांची माहिती सुरक्षित आहे की नाही याची ती तपासणी. त्याच्या तयारीला एक तरुण प्रशिक्षक यायचा. या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाप्रमाणे त्यानंही तिसऱ्या स्लाइडला बहिर्जी नाईक काढलेच. पण चौथ्या स्लाइडला त्यानं जे सांगितलं, त्यानं मी वही काढली.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची बी-५२ विमानं बॉम्ब टाकायला जायची आणि बऱ्याचदा खालची माणसं आधीच पांगलेली असायची. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकनांनी हे शोधायला एक पथक बसवलं, त्याचं नाव पर्पल ड्रॅगन. घरभेदी सापडेल, फोडलेली सांकेतिक भाषा सापडेल, अशी अपेक्षा. सापडलं काय? प्रवासी विमानांशी टक्कर होऊ नये म्हणून बॉम्बफेकी विमानांचा मार्ग, उंची आणि वेळ नागरी हवाई वाहतूक केंद्रांना आधी कळवली जायची. नेहमीचं, चांगल्या हेतूनं भरलेलं कागदपत्र. ‘ऑपरेशन्स सिक्युरिटी’ हा शब्द त्या पथकाचा. त्यांची रीत एवढीच, की स्वतःकडे शत्रूच्या खुर्चीत बसून बघायचं: मला काय काय दिसतंय, आणि ते एकत्र जोडलं तर काय होतं.

माझ्या शेजारी बसलेले डिस्पॅचचे मामा म्हणाले, म्हणजे आपल्या टीव्हीसारखं. आणि सगळे गप्प झाले. २००८च्या नोव्हेंबरमधले ते तीन दिवस आम्ही सगळ्यांनीच टीव्हीसमोर काढले होते. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरणारे कमांडो आपण पाहत होतो, तसेच अतिरेक्यांचे सीमेपलीकडचे सूत्रधारही पाहत होते आणि फोनवर आत सांगत होते. २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. मामांनी एका वाक्यात जे सांगितलं, त्यासाठी प्रशिक्षकाकडे पुढच्या अकरा स्लाइड होत्या.

मग तो आमच्याबरोबर कारखान्यात फिरला. मला वाटलं सर्व्हर रूममध्ये जाईल. तो गेटवर जाऊन थांबला, वॉचमनच्या टेबलापाशी. टेबलावर नेहमीचं लांब रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन. नाव, कंपनी, कुणाला भेटायचं, आत, बाहेर, सही. तो सही करता करता वरच्या ओळी वाचू लागला, मोठ्यानं. काल कोण आलं, आमच्या प्रतिस्पर्ध्याला माल देणारा कोणता पुरवठादार खरेदीवाल्यांना भेटला, किती वेळ बसला, कोणत्या गिऱ्हाइकाचा माणूस या महिन्यात तिसऱ्यांदा क्वालिटीला भेटला. तिसऱ्यांदा क्वालिटीला म्हणजे माल परत येतोय, हे एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही कळतं. वॉचमन बिचारा उभाच राहिला. तीस वर्षं आम्ही त्याला रजिस्टर भरलं नाही म्हणून ओरडत आलो होतो.

रजिस्टर गेलं, सुट्या चिठ्ठ्या आल्या. पैसे पाठवायचं खातं बदललं तर जुन्या नंबरवर स्वतः फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, हा नियम ताईंनी लिहिला. भाड्याचं मोठं झेरॉक्स मशिन परत जायचं होतं. त्याच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींची चित्रं तिच्यावर राहू शकतात हे कळल्यावर साहेबांनी ती डिस्क विकतच घेतली आणि प्रेसखाली घातली, तो सोहळा बघायला आम्ही सगळे गेलो होतो.

श्रेडरची कथा वेगळी. माझ्याच हट्टानं आणलं, आणि काटकसर कुठे जाते, भुगा डिस्पॅचला खोक्यात भरायला द्यायचा असंही मीच सुचवलं. महिनाभरानं चाकणच्या गिऱ्हाइकाचा फोन. हसत होता. मशिन स्वस्तातलं, उभ्या लांब पट्ट्या कापणारं. कागद आडवा घातला की पट्ट्या ओळीच्या दिशेनं पडतात, आणि एकेका पट्टीवर अख्खी ओळ शाबूत राहते. त्याच्या खोक्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा दर गेला होता, त्याच्यापेक्षा सात रुपयांनी कमी. तो फरक आम्हाला पुढच्या ऑर्डरला द्यावा लागला.

हे सगळं करताना साहेबांना बदलणं सर्वांत अवघड गेलं, हेही लिहून ठेवते. वॉचमन आठवड्यात शिकला. साहेब डेक्कन क्वीनमध्ये लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत फोनवर भाव करायचे ते करायचेच, घाटात आवाज जातो म्हणून जरा जास्तच मोठ्यानं.

तर तो माळ्यावरचा गठ्ठा. वीस वर्षांपूर्वीचे दर, आता त्याचं कुणाला काय. तरी मी तो रद्दीत दिला नाही. बादलीत भिजवून लगदा केला, दोन दिवस बाल्कनीत वास येत होता. मोटारसायकलचं पान तेवढं काढून ठेवलंय, तिच्या मागे काही नाही, फक्त कॅन्टीनचा मेनू.

आणि गेल्या शनिवारी भेळ आणली. पुड्याचा वरचा कागद ए-फोर, पांढराशुभ्र, आत चिंचेचा डाग. हात आपोआप उलटा झाला. आमच्या भागातल्याच एका कंपनीची, नाव नाही सांगत, मुलाखतीला आलेल्या उमेदवारांची यादी. नाव, मोबाइल, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, आणि शेवटच्या रकान्यात पेनानं शेरे. एकापुढे लिहिलं होतं, "गरजू, कमीत येईल".

वर कंपनीचा फोन नंबर होता. सोमवारी दहा वाजता लावला. म्हटलं, साहेबांशी बोलायचंय, जरा नाजूक विषय आहे. पलीकडे विशीतली मुलगी असावी, आवाज अगदी गोड.

"साहेब चेन्नईला गेलेत मॅडम, गुरुवारी येतील. तिथे प्लांटमध्ये मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोन लागणार नाही. अर्जंट असेल तर अकाउंट्सच्या मॅडमना जोडू का? साहेब नसले की त्याच सगळं बघतात."

मी डोळे मिटून घेतले.

"मॅडम? निरोप काय देऊ?"

"बाळा," म्हटलं, "आधी मला माझं नाव विचार."